आधी विरजण, मग मासे!

नव्या घरात फिश टँक आणायचाय? जरूर आणा! फक्त टँक आणि मासे एकाच संध्याकाळी आणू नका. मध्ये महिनाभर नुसतं पाणी ठेवा. त्या ‘रिकाम्या’ पाण्यात नेमकं काय शिजतं, हे बघायला ठाण्यातल्या एका घरी लागोपाठ पाच वीकएण्ड हजेरी लावली. त्याचा हा रिपोर्ट...

फ्लॅटचा ताबा मिळतो. पडदे लागतात, सोफा येतो, भिंतीवर टीव्ही चढतो. आणि मग एखाद्या रविवारी चहा पिता पिता लक्षात येतं, की हॉलच्या त्या कोपऱ्यात ‘काहीतरी’ हवंय. कुत्रा आणावा तर दिवसभर घरी कोण? मांजर म्हटलं की आईचा फोनवरूनच नकार. उरतात मासे! ते भुंकत नाहीत, त्यांना फिरायला न्यावं लागत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं लागत नाही. सकाळी ऑफिसला निघताना चिमूटभर खाणं टाकलं की झालं. सॉल्लिड सोपं!

दुकानातही सगळं तयारच असतं. दोन फुटी टँक, मोटर, निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा आणि वर पिशवीत आठ मासे. सातला घरी, आठला पाणी भरून लाइट ऑन आणि सव्वाआठला फोटो स्टेटसला!

पुढची गोष्ट कुणी स्टेटसला टाकत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. आठवड्याभरात एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. दुकानदार एक निळं औषध देतो. मग दुसरा, मग तिसरा. महिना संपायच्या आत टँक माळ्यावर जातो, दिवाळीच्या कंदिलाशेजारी. ठाणे-डोंबिवलीपासून कोथरूड-वाकडपर्यंत असे कितीतरी टँक माळ्यांवर धूळ खात पडलेत. तुमच्या ओळखीत एक तरी नक्की असेल.

अशा वेळी शेजारच्या काकू समजूत घालतात, “वाईट वाटून घेऊ नको गं. घरावर काहीतरी येणार होतं, ते माशानं अंगावर घेतलं.” ऐकायला बरं वाटतं. पण माशानं अंगावर घेतलेलं असतं ते संकट नव्हे, अमोनिया!

गुन्हेगार सापडला!

मासा खातो आणि श्वास घेतो, तसा त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. यातला बराचसा थेट कल्ल्यांवाटे. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. आपल्या टँकमध्ये पाणी किती? पन्नास-साठ लिटर. म्हणजे मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, तेच त्याचं टॉयलेट. आणि फ्लश नाही!

हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं आणि तरीही माशाचे कल्ले जळत असतात. म्हणून तो वर येऊन धापा टाकतो. आपल्याला वाटतं, भूक लागली. आपण आणखी खाणं टाकतो. म्हणजे आगीत तेलच!

जुन्या, स्थिरावलेल्या टँकमध्ये असं का होत नाही? कारण तिथं एक अदृश्य सफाई खातं चोवीस तास ड्युटीवर असतं. एका प्रकारचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं पकडतं, की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही आणि रक्ताचा रंग चॉकलेटी होतो. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी. थोडं झाडं खातात, बाकीचं आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकतो. या सगळ्या साखळीला म्हणतात नायट्रोजन सायकल. आणि नव्या टँकमध्ये ती सुरू करून देण्याला मासेवाल्यांच्या भाषेत ‘टँक सायकल करणं’.

गोम अशी, की हे जिवाणू कमालीचे संथ आहेत. दुधाचं दही करणारे जिवाणू जेमतेम तासाभरात दुप्पट होतात. यांना त्यासाठी अर्धा दिवस, कधी एक-दोन दिवसही लागतात. म्हणून दही एका रात्रीत लागतं आणि टँकला महिना-सव्वा महिना लागतो. सगळं काही काही मिनिटांत दारात आणून देणारी अ‍ॅप्स आपल्या फोनमध्ये आहेत. पण ही डिलिव्हरी तशी येत नाही, बॉस!

पहिला वीकएण्ड : सत्तर किलोचा पाहुणा

हा सगळा फंडा प्रत्यक्ष बघायचा होता. माझी एक मैत्रीण घोडबंदर रोडला राहते. ती बँकेत, नवरा आयटीत, आणि सोबत सासरे, निवृत्त रसायनशास्त्राचे शिक्षक. गेल्या वर्षी त्यांनी टँक आणला होता. आठ मासे, अकरा दिवस. शेवटचा मासा गेला, त्या रात्री मैत्रीण जेवली नव्हती. “आता पुन्हा नाही,” असं म्हणून तिनं टँक माळ्यावर टाकला. यंदा सासऱ्यांनीच तो खाली उतरवला. म्हणाले, “सूनबाई, मासे आपल्या हातून मेले, म्हणून मासे पाळणं सोडायचं नसतं. ते का मेले, हे शोधायचं असतं.” मास्तर ते मास्तर!

तर पहिला प्रश्न : टँक ठेवायचा कुठं? दोन फुटी टँक म्हणजे २४ बाय १२ बाय १२ इंच. काठोकाठ भरला तर सुमारे ५६ लिटर पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात काच आणि खडे मिळवले तर वजन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातं. थोडक्यात, एक धडधाकट माणूस त्या टेबलावर कायमचा बसवायचाय! प्लायवूडच्या नाजूक टीव्ही युनिटवर हा पाहुणा नको. टेबल सपाट आहे ना, ते लेव्हल ट्यूब किंवा फोनमधल्या अ‍ॅपनं तपासा. काचेखाली थर्माकोलची शीट घाला. म्हणजे टेबलाचा बारीकसा उंचवटा काचेला टोचणार नाही. खिडकीतलं थेट ऊन टाळा, नाहीतर आठवड्यात काचा हिरव्यागार. आणि बरं का, सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी मग सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर टपकतं.

माळ्यावरून उतरवलेला टँक असेल तर त्याची आधी बाल्कनीत परीक्षा. काठोकाठ भरून एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. सिलिकॉन सुकलं असेल तर गळती तिथंच कळते, हॉलच्या नव्या लाकडी फ्लोअरिंगवर नाही.

मग खडे. धुवा, पुन्हा धुवा, पाणी नितळ होईपर्यंत धुवा. साबण मात्र अजिबात नको. टँकलाही नको, बादलीलाही नको. दापोली-अलिबागहून आणलेले शंखशिंपले टाकायचा मोह होतो, तोही आवरा. त्यातलं कॅल्शियम हळूहळू विरघळतं आणि पाणी जड होत जातं. तळाशी दीड-दोन इंच साधे नदीचे खडे आणि त्यात दोन-चार खरी झाडं. मैत्रिणीनं अ‍ॅन्युबियास आणि व्हॅलिसनेरिया लावली. ही झाडं लाडाची नाहीत आणि थोडा अमोनियाही परस्पर गट्टम करतात.

नळाचं की टँकरचं?

खरी गंमत पाण्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते असायलाच हवं, त्यामुळे तर आपण कावीळ-टायफॉइडपासून वाचतो. पण जे क्लोरीन रोगजंतू मारतं, ते आपल्या सफाई खात्यालाही मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही झोंबतं. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं, त्यात एअर पंपाचे बुडबुडे सोडले, तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ मिळतं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. म्हणजे फिल्म कॅमेऱ्याच्या जमान्यात डार्करूममध्ये वापरायचे, ते ‘हायपो’! काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते मात्र नुसतं ठेवून उडत नाही. त्यामुळे औषधाचे थेंब हाताशी असलेले बरे.

घोडबंदरकरांचं दुसरं दुखणं म्हणजे टँकर. आज एका ठिकाणचा, उद्या दुसऱ्या ठिकाणचा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. बाथरूमच्या नळांवर पांढरे खरखरीत डाग पडत असतील, तर तुमचंही तसलंच. याला घाबरायचं कारण नाही. जड पाण्यात गप्पी, मॉली मजेत राहतात. फक्त आज एक आणि उद्या दुसरं असं पाणी एकदम बदलू नका. मैत्रिणीकडे पालिकेचं पाणी सकाळी येतं, तेव्हाच दोन बादल्या भरून बाजूला ठेवायच्या, असा नियम झालाय.

“मग सरळ आरओचंच भरू ना, एकदम प्युअर!” नवऱ्याची आयडिया. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “अरे, प्युअर म्हणजे चांगलंच असं नाही. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात. मासा आणि ते जिवाणू दोघांनाही थोडे क्षार लागतात. क्षार नसले की पाणी आंबट व्हायला लागतं आणि जिवाणू संप पुकारतात.” आयडिया बाद.

दुसरा वीकएण्ड : कल्हईवाल्याची आठवण

पाणी भरलं, फिल्टर सुरू झाला. पण मासे नाहीत, म्हणजे अमोनिया नाही. आणि अमोनिया नाही, तर त्यावर जगणारे जिवाणू खाणार काय? त्यांना उपाशी ठेवून महिनाभर नुसती मोटर चालवली तर हाती काहीच लागत नाही. ‘टँक आठवडाभर चालू ठेवा, मग मासे टाका’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. टँकमध्ये मासे नसताना कुणीतरी माशाचं काम करायला हवं.

सोपा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं. ते कुजतं, त्याचा अमोनिया होतो. पण किती झाला त्याचा नेम नसतो, वर वासही येतो. मोजूनमापून करायचं तर शुद्ध अमोनियम क्लोराइड. डबी हातात घेतल्यावर बाबांचा चेहरा उजळला. “अगं, हा तर नवसागर! कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा तो. भस्सकन पांढरा धूर निघायचा. आठवतं का?” आम्हाला कुठलं आठवायला! आमच्या पिढीनं कल्हई फक्त गोष्टींत ऐकलेली.

कल्हईचा बाजारी नवसागर मात्र वापरायचा नाही, त्यात काय मिसळलंय कोण जाणे. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यायचा. हिशेब बाबांनी वहीत लिहूनच दिला. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवायचा आणि बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती उंचावर ठेवायची. खडे वगैरे धरून टँकमध्ये खरं पाणी साधारण ५० लिटर. त्यात या द्रावणाचे ३० मिलिलिटर टाकले की अमोनिया होतो सुमारे २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम. जिवाणूंना जेवायला एवढं पुरेसं.

आणि मग लागतं टेस्ट किट. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशा तिन्ही चाचण्यांचं, थेंब टाकून रंग बघायचं. महाग वाटतं खरं. पण दर पंधरवड्याला नवे मासे आणून मारण्यापेक्षा स्वस्तच! मैत्रिणीच्या किटमध्ये अमोनिया असेल तर हिरवा रंग येतो, नसेल तर पिवळा. नायट्राइट असेल तर जांभळा, नसेल तर आकाशी. डायनिंग टेबलावर परीक्षानळ्या मांडून बसलेले बाबा पाहिले आणि वाटलं, रिटायरमेंट असावी तर अशी.

तिसरा वीकएण्ड : डब्यातून आलं विरजण

नऊ दिवस झाले तरी नळी हिरवीच. अमोनिया जिथल्या तिथं. मैत्रिणीचा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, “माझा टँक चार वर्षं जुना आहे. फिल्टरचा स्पंज देऊ का?”

हेच ते विरजण! सफाई खात्यातले हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात, स्पंजला, खड्यांना, झाडांच्या पानांना. म्हणून जुन्या टँकचं पाणी आणून ओतण्यात अर्थ नाही, आणायचा तो मळकट, तपकिरी स्पंज. तो नळाखाली धुवायचा नाही. सुकू द्यायचा नाही. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणायचा आणि थेट आपल्या फिल्टरमध्ये. ज्याच्याकडून घ्याल, त्याचे मासे ठणठणीत असल्याची खात्री मात्र करा. नाहीतर विरजणाबरोबर रोगही येतील.

नवरा तो डबा बाइकवरून सांभाळून घेऊन आला. आईनं दिलेला पुरणपोळीचा डबासुद्धा त्यानं कधी इतका जपला नसेल!

बाटलीतले जिवाणूही विकत मिळतात. त्यांचा इतिहास मजेदार आहे. कित्येक वर्षं असा समज होता, की टँकमधल्या नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो. १९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी गोड्या पाण्याचे टँक तपासले, तर ते काम नायट्रोस्पिरा नावाचा वेगळाच गडी करताना सापडला. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पिराचे असे प्रकार मिळाले, की जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच उरकतात! तेव्हा बाटली घ्यायची तर घ्या, पण लेबलवर विश्वास ठेवू नका. टेस्ट किट काय म्हणतं, ते ऐका.

याच विषयातली एक बापलेकाची जोडी मला फार आवडली. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं मांडून दाखवलं, की काचेच्या भांड्यात गोल्डफिश, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या, तर त्यांचा समतोल साधता येतो. घरगुती अ‍ॅक्वेरियमचा पाया तो हाच. त्यानं वापरलेली वनस्पती कोणती, माहितेय? व्हॅलिसनेरिया! पण जिवाणूंची भानगड त्याला ठाऊक नव्हती. त्याचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, पुढे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेतीच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, असं दोन टप्प्यांत हे काम होतं, हे उलगडणाऱ्यांपैकी तो एक. बापानं भांडं सजवलं आणि त्यात काय चाललंय, ते लेकानं शोधलं! हे ऐकून आमचे बाबा मुलाकडे पाहत म्हणाले, “बघ, काहींचे मुलगे असेही असतात.” नवरा गपचूप चहा आणायला आत गेला.

चौथा वीकएण्ड : जांभळे दिवस

स्पंज आला आणि चक्रं फिरली. सोळाव्या दिवशी बाबांचा सकाळी सकाळी ग्रुपवर मेसेज : ‘नळी पिवळी!’ अमोनिया चोवीस तासांत साफ. पण नायट्राइटची नळी गर्द जांभळी. दुसऱ्या खात्याची भरती अजून सुरू होती.

सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच. पाणी स्फटिकासारखं असतं, झाडांना नवी पानं फुटलेली असतात, अमोनिया शून्य. मासे आणायला हात शिवशिवतात. त्यात पाहुणे येतात. “अय्या, टँक किती मस्त! पण मासे कुठायत?” वीस दिवसांत हा प्रश्न मैत्रिणीनं इतक्यांदा ऐकला, की शेवटी तिनं काचेवर चिठ्ठी लावली, ‘मासे ट्रेनिंग पिरियडनंतर जॉइन होतील.’ कॉर्पोरेट माणसांना लगेच पटलं!

या दिवसांत करायचं काय? तर अमोनिया संपला की पुन्हा डोस. नायट्राइट चाचणीच्या पट्टीबाहेर गेलं तर थोडं पाणी बदलायचं आणि डोसचा वेग जरा कमी करायचा. फिल्टर चोवीस तास चालूच. रात्री आवाज येतो म्हणून मोटर बंद करायची सवय अनेकांना असते. लाइट जरूर बंद करा, तो रोज सात-आठ तास पुरे. पण फिल्टर नाही. स्पंजमधल्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. तो तासन्‌तास मिळाला नाही, तर तयार झालेलं खातं मरायला लागतं. तुमच्याकडे वीज तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.

हीटरचं काय? मुंबई-ठाण्यात बहुतेक वर्षभर गरज पडत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत मात्र रात्री पाणी गारठतं. तिथं लिटरला साधारण एक वॉट या हिशेबानं हीटर लावा. पाणी २६-२८ अंशांच्या आसपास असेल तर जिवाणूही जोमानं वाढतात.

पाचवा वीकएण्ड : दोन शून्यं

बत्तिसाव्या दिवशी शनिवारी सकाळी ३० मिलिलिटरचा डोस. रविवारी सकाळी तिघंही नळ्यांभोवती. अमोनिया पिवळा. नायट्राइट आकाशी. नायट्रेट मात्र लालभडक! चोवीस तासांत २ पीपीएम अमोनिया गायब आणि नायट्राइटही शून्य, म्हणजे टँक पास. खात्री म्हणून सोमवारी पुन्हा तीच परीक्षा, तोच निकाल.

मग साठलेलं नायट्रेट काढायला पाऊण टँक पाणी बदललं, अर्थातच क्लोरीन घालवलेल्या पाण्यानं. आणि पुढच्या रविवारी तिघं कुर्ल्याच्या मासेबाजारात! कुर्ला स्टेशनजवळ रविवारी सकाळी शोभेच्या माशांचा बाजार भरतो. ज्यांना गर्दी झेपत नाही, त्यांना क्रॉफर्ड मार्केट आहेच.

खरेदीची यादी मात्र घरूनच ठरवून न्या. बाजारात गेल्यावर प्रत्येक पिशवीतला मासा डोळा मारतो! गोल्डफिश दोन फुटी टँकमध्ये नको, बोलमध्ये तर नकोच नको. तो हातभर... नाही, पण वीतभर तरी वाढतो आणि भरपूर घाण करतो. ‘सकर घ्या, टँक साफ ठेवतो,’ असं सांगतील. तो तर फूट-दीड फुटाचा होतो. मग लोक त्याला नदी-तलावात सोडतात आणि तिथल्या माशांची पंचाईत. ‘मिस केरला’ दिसायला खल्लास, पण पश्चिम घाटातल्या नद्यांतला हा मासा आययूसीएनच्या धोक्यातल्या यादीत आहे, आणि त्याला थव्यानं पोहायला मोठा टँक लागतो. मैत्रिणीनं घेतले सहा झेब्रा डॅनिओ. आपल्याच उपखंडातले, चपळ, काटक आणि सहाच्या ग्रुपमध्ये एकदम खूश.

घरी आल्यावर लाइट बंद. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे तापमान एक झालं. मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत. शेवटी जाळीनं मासे आत आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. पहिल्या दिवशी खाणं नाहीच. सहाही जण दहा मिनिटं व्हॅलिसनेरियामागे लपून बसले. मग एक बाहेर आला, त्याच्यामागून पाच. मैत्रीण काही बोलली नाही. बाबांनी मात्र वही उघडली, तारीख घातली आणि अमोनियाची नळी भरायला घेतली.

परवाच तिला फोन केला. तीन महिने झालेत. सहाच्या सहा हजर!

मासे आधीच आणले असतील तर?

घाबरू नका, टँक वाचवता येतो. आठवडाभर खाणं अगदी कमी करा, एक दिवसाआड टाकलं तरी चालेल. रोज चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन घालवूनच. कुणाकडून तरी जुना स्पंज मिळवा. आणि फिल्टर चकाचक धुवायचा मोह आवरा, धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत नवा एकही मासा नको.

झटपट चेकलिस्ट

* टेबल सपाट आणि मजबूत, काचेखाली थर्माकोल, थेट ऊन नाही.
* टँक चोवीस तास भरून गळती तपासली.
* खडे फक्त पाण्यानं धुतले. शंखशिंपले नाहीत, साबण नाही.
* पाण्यातलं क्लोरीन घालवलं. निव्वळ आरओचं पाणी नाही.
* फिल्टर चोवीस तास, लाइट सात-आठ तास.
* अमोनियाचा डोस, आणि मिळालं तर जुन्या स्पंजचं विरजण.
* २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य, नायट्राइटही शून्य. लागोपाठ दोनदा!
* नायट्रेट काढायला मोठा पाणीबदल, मग थोडेच मासे.
* डासांचा स्प्रे टँकच्या खोलीत मारू नका. त्यातली औषधं माशांना फार विषारी असतात आणि एअर पंप ती थेट पाण्यात ओढतो. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर टँक नीट झाका आणि तेवढा वेळ एअर पंप बंद ठेवा.

तेव्हा या रविवारी टँक बघायला जाणार असाल, तर जरूर जा. टँक घ्या, फिल्टर घ्या, झाडं घ्या, टेस्ट किट घ्या. दुकानदार माशांची पिशवी पुढे करेल. त्याला सांगा, “यांच्यासाठी पुढच्या महिन्यात येतो.” तो हसेल. हसू दे!